तुळजाबाईची फारखत आणि मार्तंडरावांची साक्ष

नागपूरच्या दिवाणी कचेरीच्या आवारात कडुलिंबाची चार झाडं होती आणि चारही झाडांखाली अर्जनवीस बसत. ज्याला लिहिता येत नाही त्याचं गाऱ्हाणं, त्याची कबुली, त्याचा समेट कागदावर उतरवून द्यायचा, हा त्यांचा धंदा. पहिल्या तीन झाडांखाली कागद झटपट होई. चौथ्या झाडाखाली मार्तंडराव बसत, आणि तिथं यायचं तर अर्धा दिवस घालवायची तयारी ठेवूनच यावं लागे.

लिहायला त्यांना वेळ लागत नसे. धानाच्या बांधीत पाणी सोडावं आणि ते आपल्याआप वळत जावं, तसा त्यांचा हात चाले. वेळ लागे तो पुढं. लिहून झालं, की ते कागद अंगठा देणाऱ्याला सावकाश वाचून दाखवत. मग तो पालथा करून गुडघ्याखाली ठेवत आणि म्हणत, "आता तुमी मले सांगा, याच्यात काय लिवलं हाये." माणूस अडखळे, लाजे, कधी चिडे. सांगितल्याशिवाय मात्र सुटका नसे. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून वाचन. सगळं नीट सांगितलं, तरच कागद सुलटा होई आणि त्यावर शेवटची ओळ पडे : 'वरील मजकूर वाचून दाखविला, समजला, कबूल आहे.' त्या ओळीची शाई वाळली, की अंगठा.

उमरेडकडचा एक माणूस एकदा भावाच्या नावे फारखत करून द्यायला आला होता. फारखत म्हणजे आपला हक्क सोडल्याचा कागद. वाचन झालं, आणि तो आपल्या तोंडानं सांगू लागला. वावराचा तुकडा सोडला, बैलांवरचा हक्क सोडला, विहिरीचा वाटा सोडला. इथं तो थांबला. "इहीर पण?" त्यानं विचारलं. "इहीर पण," मार्तंडराव म्हणाले. माणूस उठला, धोतर झटकलं आणि भावाला म्हणाला, "चाल गा घरी. आपण अजून थोडं भांडू."

मार्तंडराव ही गोष्ट हसत सांगत, पण त्या हसण्यात ताठा असे. रामटेकच्या गडाखालच्या एका खेड्यात ते जन्मले. शाळा दोनच यत्ता झाली. पुढचं सगळं पटवाऱ्याच्या ओसरीवर, त्यानं टाकून दिलेले कागद गिरवून शिकले. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणापुढं मान वाकवायची नाही, असा त्यांचा बाणा. नागपुरात बसल्याला बावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांनी लिहिलेला एकही कागद कोर्टात मोडला नव्हता. वकील मंडळीसुद्धा म्हणत, हा मार्तंडरावांचा कागद आहे ना, मग भांडण सोडा.

सन १९२७ च्या माघ महिन्यात, एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी, कोर्टाचा चपराशी त्यांच्या सतरंजीपाशी आला आणि समन्स ठेवून गेला. तांडापेठेतल्या तुळजाबाई नावाच्या विधवेनं आपल्या भासऱ्यावर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावावर, दावा लावला होता. फारखत रद्द करा, ती मला वाचून दाखवलीच नाही, असं तिचं म्हणणं. भासरा नत्थूजी म्हणत होता, वाचली होती, लिहिणाराच येऊन सांगेल. लिहिणारे मार्तंडराव.

त्यांनी समन्स दोनदा वाचलं. मग बोरू खाली ठेवला. त्यांना तो दिवस आठवला, आणि आठवताच बसल्या जागी मांडी मोडावीशी वाटली.

भादव्याच्या तोंडचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, मारबतीचा, म्हणजे रोगराईचा पुतळा मिरवत गावाबाहेर नेण्याचा दिवस. आदल्या संध्याकाळी नत्थूजी महाल भागातल्या त्यांच्या घरी आला होता. गोरा, बुटका, अजीजीनं बोलणारा माणूस. म्हणाला, भाऊ जाऊन वर्ष झालं, भावजयीचं आणि आमचं पंचांनी बसून मिटवलं, तिनं घरावरचा हक्क सोडला, भावाचा एक माग तिला दिला, एवढं लिहून द्या. सगळं मिळून शंभराच्या आतलं, म्हणजे नोंदणीचं झेंगट नाही. उद्या सारी घरची मंडळी हजर आहेत, मग पोराच्या लग्नाची घाई सुरू होईल.

मार्तंडरावांनी दिव्याच्या उजेडात कागद घरीच लिहून ठेवला. आणि लिहिता लिहिता, हात चालत होता म्हणून, शेवटची ओळसुद्धा लिहून टाकली. 'वाचून दाखविला, समजला, कबूल आहे.' ज्या बाईला वाचून दाखवायचं, तिचं तोंड तोवर त्यांनी पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघाले, तर इतवारीत वाट बंद. मारबत निघाली होती. माणसाला माणूस चिकटलेला, ढोल, लेझीम, धुरळा, आणि हजार तोंडांतून एकच ओरड, रोगराई घेऊन जा गे मारबत. कागद छातीशी धरून ते दीड तास एका दुकानाच्या पायरीवर अडकून पडले. तांडापेठेत पोचले, तर दुसऱ्या बाजूनं मिरवणुकीची शेपटी येताना ऐकू येत होती. पुन्हा अडकलो तर रात्र इथंच, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पेटी उघडली, शाईची चकती काढली. तुळजाबाई मागावरून उठून आली. सडसडीत, तिशीची बाई. तिनं अंगठा पुढं केला आणि त्यांच्या तोंडाकडं पाहत एवढंच विचारलं, "पंचायनं ठरवलं तसंच लिवलं ना, भाऊ?"

आणि मार्तंडराव म्हणाले, "हो. तसंच."

पंचांनी काय ठरवलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. नत्थूजीनं सांगितलं तेवढंच ठाऊक होतं. तरी ते 'तसंच' म्हणाले, कारण बावीस वर्षांत कुणी असं विचारलं की उत्तर 'तसंच' असंच असे.

समन्स आल्यापासून त्यांचं बसणं गेलं. सतरंजीवर बसत, दोन ओळी लिहीत, उठत. उगाच दुसऱ्या झाडापर्यंत जाऊन परत येत. एकाच्या अर्जात त्यांनी अर्जदाराच्या बापाचं नाव अर्जदाराला दिलं. शेजारच्या झाडाखालचा दादाजी, तंबाखू मळत हे पाहत होता.

"मार्तंडराव, पायाले चाकं लावली काय गा?"

"गरमी होऊन राहिली."

"माघात?" दादाजीनं चिमूट गालात धरली. "आमचे कागद तर दर सालाले मोडतात बावा. एक मोडला की आमी दुसरा लिवतो. तुमचं सोवळं भारी."

घरी जेवायला बसत तर घास हातात राही. त्यांची बायको कौशल्या कमी बोलणारी. तिनं तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "पाणी मांगता आन पेत नाही. काय झालं ते सांगा, नाही त मांगू नका."

त्यांनी सांगितलं. ती ऐकून घेऊन भात ढवळत राहिली.

"तुमी तर सगळ्यायलेच वाचून दाखवता," ती म्हणाली.

"तेच त. सारे असंच म्हणतात."

खरा त्रास इथंच होता. खोटं बोला असं त्यांना कुणी म्हणत नव्हतं. दोन दिवसांनी नत्थूजी कचेरीत आला, तोही तसंच बोलला. हातात काही आणलं नव्हतं, आवाजात दमदाटी नव्हती. उकिडवा बसला आणि म्हणाला, "मार्तंडभाऊ, तुमी नेहमी वाचता का नाही?"

"वाचतो."

"मंग तेच सांगा. जास्ती काही सांगू नका. तुमचा कागद हाये, तुमचीच इज्जत हाये. माह्या पोराचं लगन हाये वैशाखात, त्याले मांगची खोली लागते. बाईले तिचा भाऊ हाये उमरेडले. तो का टाकून देईन तिले?"

"पंचायनं मांगच्या खोलीचं काय ठरवलं होतं?"

नत्थूजीनं कडुलिंबाकडं पाहिलं. "पंच बोलतात लय. कागदावर आलं तेवढंच खरं."

तो गेल्यावर मार्तंडरावांनी पेटी बंद केली आणि भर दुपारी तांडापेठेची वाट धरली. साक्षीदारानं असं जाऊ नये, हे त्यांना कळत होतं. पाय थांबले नाहीत.

विणकर कोष्ट्यांच्या गल्लीत घरोघरी माग चालत होते. धोट्याचा इकडून तिकडं जाण्याचा आवाज, फणीचा ठोका, पुन्हा धोटा. नत्थूजीच्या घरच्या मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात पाय सोडून तुळजाबाई बसली होती. पाय खाली पावड्या दाबत, हात वर धोटा फेकत. रेशमी काठाचं लुगडं होतं, काठ लाल. मार्तंडराव उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि त्यांचं लक्ष त्या खड्ड्याकडं गेलं.

भुईत खड्डा, खड्ड्याच्या कडेला रोवलेले खुंट, छताच्या आड्याला बांधलेल्या दोऱ्या. माग म्हणजे हे सगळं. तो उचलून नेता येत नाही. खोली गेली, तर माग म्हणून उरतात चार लाकडं आणि एक फणी. 'भावाचा एक माग दिला' असं त्यांनी लिहिलं होतं, आणि तो उभा कुठं राहील हा विचार धानाच्या गावातून आलेल्या त्यांच्या डोक्याला शिवला नव्हता. मारबतीच्या दिवशी त्यांनी वाचून दाखवलं असतं, तर कोणत्याही कोष्ट्याच्या बाईनं त्या शब्दावर त्यांना अडवलं असतं.

"बसा म्हणायले जागा नाही," तुळजाबाई म्हणाली. धोटा थांबला नाही.

"नाही बसत. एक विचाराचं होतं. पंचायनं काय ठरवलं होतं?"

"आता विचारता?"

तिनं पाच-सहा धागे घातले आणि मग सांगितलं, जसं पाठ असावं तसं. समोरचे दोन माग आणि घर भासऱ्याचं. नवऱ्याचा माग तिचा, आणि मागची खोली ती जिवंत असेपर्यंत तिची. ती मेली, की खोली भासऱ्याच्या पोरांची. बाकी कशावर हक्क नाही, म्हणून भांडण नाही.

"कागदात खोलीचं नाही," मार्तंडराव म्हणाले.

"दिवाळीले समजलं मले. भासऱ्यानं बोचकं बांध म्हणलं तवा." तिनं तुटलेला एक धागा बोटांत धरून गाठ मारली. "मी कागदाकडं पाहून अंगठा नाही देल्ला. मले कुठं समजते कागद. मी तुमच्या तोंडाकडं पाहून देल्ला."

मार्तंडराव उंबऱ्यावरून एक पाऊल आत आले.

"मी कोर्टात..." ते म्हणाले.

"तुमाले काय सांगाचं ते तुमी सांगा. मी तुमाले काही म्हणत नाही." आणि तिनं फणी ओढून ठोका दिला, असा की पुढचं बोलणं त्यातच बंद झालं.

सुनावणी फाल्गुनात लागली. उन्हानं कचेरीच्या भिंती तापल्या होत्या, पंख्याची दोरी ओढणारा डुलक्या घेत होता. तुळजाबाई पदर घट्ट आवळून मागच्या बाकावर बसली होती. तिच्या बाजूनं गोपाळराव नावाचे वकील होते, पातळ आवाजाचे. नत्थूजीच्या वकिलांनी मार्तंडरावांना पिंजऱ्यात बोलावलं आणि कोर्टाला आधीच सांगितलं, की हे या आवारातले सर्वांत भरवशाचे लिहिणारे.

मार्तंडरावांना ते ऐकून बरं वाटलं. हे सांगायला हवं, कारण खरं आहे. त्या क्षणी त्यांना मनापासून बरं वाटलं.

"हा कागद तुमच्या हातचा?"

"माह्या हातचा."

"कागद वाचून दाखवण्याची तुमची रीत आहे?"

"आहे. बावीस वर्षांची."

"आणि या कागदाखाली तशी ओळ आहे. तीही तुमच्या हातची?"

"हो."

वकील खाली बसायला वळले. त्यांचं काम झालं होतं. मार्तंडराव पिंजऱ्यातून उतरले असते, तर कुणीच त्यांना खोटं म्हणू शकलं नसतं. त्यांनी एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. पण ते उतरले नाहीत. कठड्याला धरून उभे राहिले. न्यायाधीश साहेबांनी मान वर केली.

"काही सांगायचं आहे?"

"साहेब, हे नेहमीचं सांगितलं. त्या दिवशीचं कोणी विचारलंच नाही."

वकील अर्धे बसलेले पुन्हा उभे झाले. साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं. "त्या दिवशीचं सांगा."

"त्या दिवशी वाचलं नाही. ती ओळ मी आदल्या दिवशी घरीच लिवली होती. बाईनं विचारलं, पंचायनं ठरवलं तसंच हाये ना, मी हो म्हणलं. पंचायनं काय ठरवलं, ते मले मालूम नव्हतं."

खोलीत कुजबुज झाली. नत्थूजीच्या वकिलांचा चेहरा लाल झाला. हा साक्षीदार फितूर झाला आहे, त्याला उलट विचारण्याची परवानगी द्या, असं त्यांनी मागितलं आणि ती मिळाली.

"बाईकडून किती घेतले?"

"तिच्याजवळ द्यायले काय हाये ते तुमीच तुमच्या पक्षकाराले विचारा."

मागं कुणीतरी हसलं. वकील हसले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारला, आणि तो नेमका तिथं लागला जिथं मार्तंडरावांना भीती होती.

"बावीस वर्षांत हजारो कागद लिहिले असतील. प्रत्येकाखाली हीच ओळ. हा एक खोटा, तर बाकीचे खरे कशावरून?"

"हा एकच."

"हे आम्ही कशावरून मानायचं?"

उन्हाची तिरीप पिंजऱ्याच्या कडेवर आली होती, मार्तंडराव तिच्याकडं पाहत राहिले.

"मानू नका," ते म्हणाले.

निकाल पंधरा दिवसांनी आला. साहेबांनी लिहिलं, की लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं हक्क सोडल्याचा कागद जो पुढं करतो, तिला तो समजला होता हे सिद्ध करण्याचं ओझंही त्याच्यावरच असतं. नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे. ज्या गोष्टीला तिनं होकार दिला ती कागदात नाही, आणि जी कागदात आहे तिला तिनं होकार दिलेला नाही. म्हणून ही फारखत तिला बांधत नाही. समेट करायचाच असेल, तर दोघांनी नव्यानं करावा. कागद रद्द. तुळजाबाईची खोली राहिली.

त्यानंतरचे दिवस मार्तंडरावांना फार लांबले. चौथं झाड रिकामं राहू लागलं. येत ते जुने कागद घेऊन येत, पाच वर्षांचे, बारा वर्षांचे, घडीवर फाटलेले. समोर धरून विचारत, "आमचाही असाच हाये काय?" मार्तंडराव प्रत्येक कागद हातात घेत आणि सांगत, नाही, हा वाचला होता, तुम्ही स्वतः मला सांगितला होता. माणसं ऐकत, मान हलवत आणि खात्री न पटल्यासारखी जात. काही तर नुसतं हसून जात, आणि ते हसणं दादाजीच्या टोमण्यांपेक्षा जास्त झोंबे. रात्री झोप लागे, पण दिवस खायला उठे. आवारात ते सारखे फिरत, जणू काही हरवलं आहे आणि ते झाडांच्या बुंध्यांशीच पडलं असणार.

चैत्र संपता संपता एक दिवस नत्थूजी आणि तुळजाबाई दोघं आवारात आली. मागं पंचांतले दोन म्हातारे. लग्न जवळ आलं होतं, घरात दोन चुली होत्या, आणि कोर्टानं जुना कागद मोडला तरी भांडण काही आपल्याआप मिटत नव्हतं. आता पंचांच्या शब्दाप्रमाणे नवा समेट लिहायचा होता. नत्थूजीचं तोंड उतरलेलं होतं. मार्तंडरावांनी सतरंजीवरची धूळ झटकली, कोरा कागद काढला आणि बोरूचं टोक तासलं.

ती दोघं दादाजीपाशी बसली.

मार्तंडरावांनी बोरू हातातच ठेवला. दहा हातांवर दादाजी लिहीत होता. मध्येच तो मोठ्यानं वाचे, तुळजाबाई थांबवून काही विचारी, दादाजी वैतागून खोडे आणि पुन्हा लिही. खोलीचं नाव दोनदा आलं. खड्ड्याचं, खुंटांचं, आड्याला बांधायच्या दोऱ्यांचंसुद्धा आलं, आणि दादाजी म्हणाला, "अवं बाई, आता धोट्याची जात बी लिवू काय?" म्हातारे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "लिवा."

कागद झाल्यावर पुरुष नोंदणीच्या कचेरीकडं निघाले. नोंदणीची गरज नव्हती, तिनंच हट्ट धरला होता. तुळजाबाई दोन पावलं मागं राहिली आणि चौथ्या झाडापाशी थांबली.

"तुमी त्या दिवशी सांगितलं, म्हणून माहा माग उभा हाये," ती म्हणाली.

मार्तंडरावांनी बोरू पेटीत ठेवला.

"तुमचं अक्षर त्याच्याहून चांगलं हाये, सारेच म्हणतात. पण मले आता तुमच्या तोंडाकडं पाहून अंगठा देता येत नाही, भाऊ. भेव वाटते."

"बराबर हाये," मार्तंडराव म्हणाले.

ती नोंदणीच्या पायऱ्या चढून आत गेली. थोड्या वेळानं भंडाऱ्याकडचा एक शेतकरी मार्तंडरावांच्या सतरंजीवर येऊन बसला आणि आपलं गाऱ्हाणं सांगू लागला. मार्तंडरावांनी त्याला हात करून थांबवलं. उठले, उभे राहिले, पुन्हा बसले. शेतकऱ्यानं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही, थोडं थांबा. आणि आत त्या बाईला तिचा कागद कुणीतरी नीट, सावकाश वाचून दाखवत असेल का, याच्याकडं कान लावून ते नोंदणीच्या बंद दाराकडं पाहत राहिले.